कौसाबाईची पिल्लं

"पण ऊब तर आहे ना, बाबा? मग मरतात कशी?"

रंगनाथ मिस्त्रीनं हे पुन्हा विचारलं. भैरवगिरी बाबा मठाच्या पायरीवर ऊन खात बसले होते.

मिस्त्रीच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. आत कोंबडीची पिल्लं ओरडत होती. चिवचिव कसली, नुसता कालवा.

मी मठातली स्वयंपाकीण. माझं तोंड फाटकं आहे, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मिस्त्री, इथं अंडं चालत नाही आणि तुम्ही आख्ख्या कोंबड्या घेऊन आलात? शिव शिव!"

"आक्का," बाबा म्हणाले, "त्याला आधी पाणी दे."

मी तांब्या पुढं केला. त्यानं घेतला आणि तसाच खाली ठेवला. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर नुकते कुठं खुंट आले होते. तेव्हा मला आठवलं. कौसाबाईला, त्याच्या बायकोला, जाऊन अजून महिनासुद्धा झाला नव्हता. आपली जीभ आपणच चावावी असं वाटलं मला.

"कुणी आणली ही?" बाबांनी विचारलं.

"हिनं मागवली होती. आजारपणाच्या आधी. पिल्लं आली की परसात खुराडं बांधायचं, असं चाललं होतं तिचं. दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला खोका दारात ठेवून गेला. म्हणाला, बाईंची पिल्लं..."

"मग?"

"मग काय. आईविना पिल्लं, त्यात ही थंडी. हिचाच शेकायचा पट्टा घेतला, विजेचा. पाठीला लागायचा तिला. जाळी वाकवून बुटकी कमान केली आणि वर पट्टा बांधला. कोंबडी पंख पसरून बसते ना, तसं. पिल्लं खाली शिरतात, पट्ट्याला पाठ लावतात. चटका नाही, शॉक नाही. गावात जळालेल्या मोटरीत नवी तार मीच भरतो, बाबा. माझ्या कामात खोट काढून दाखवा."

"खोट कोण काढतंय?"

"तरी रोज मरतात!"

त्यानं खोका पोटाशी धरला.

"खोका भरून आली होती. आता ही एवढीच उरली. हिनं मागवलेलं काही आता घरात यायचं नाही. ही पिल्लं गेली की संपलं, बाबा. अंगारा द्या, मंत्र द्या, काहीपण द्या. एक तरी जगू दे."

"मला कोंबड्यांतलं काही कळत नाही."

"मग मी इथवर चढून आलो कशाला?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

मला बाबांचा रागच आला. माणूस इतका पिचलाय आणि ह्यांचं आपलं भलतंच. पण बाबा उठले, गुडघ्यावर हात देऊन.

"चल. मांड बघू तुझी कमान."

सभामंडपात कोपऱ्यात एक प्लग आहे. तिथं मिस्त्रीनं भुसा पसरला, कमान ठेवली, पट्टा लावला. हात मात्र कसबी हं. जाळीचं एक टोकसुद्धा बाहेर नव्हतं. मग त्यानं एकेक पिल्लू खोक्यातून काढून खाली सोडलं.

पिल्लं आधी भांबावली. मग एक आत शिरलं. त्याच्यामागं दुसरं. बघता बघता सगळी पट्ट्याखाली गेली आणि कालवा कमी कमी होत गेला. मलाही जरा हुश्श वाटलं.

मिस्त्रीनं कमान उचलली.

पिल्लं चहूकडं फाकली. पुन्हा तोच आकांत. एक पिल्लू भिंतीशी जाऊन पिसं फुलवून, डोळे मिटून उभं राहिलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बघितलं."

"काय?"

"जिवंत आहेत का."

त्यानं कमान पुन्हा ठेवली. भिंतीशी गेलेलं पिल्लू ओंजळीत धरून आत सारलं. ह्या खेपेला पिल्लांना शांत व्हायला जास्त वेळ लागला. झाली एकदाची. तर ह्याचा हात परत कमानीवर!

"आता काय?"

"एकदम गप्प झाली, बाबा. म्हणून..."

"घरी असंच करतोस?"

"दिवसभर. रात्रीसुद्धा गजर लावून उठतो. हयगय म्हणून केली नाही. डोळ्याला डोळा नाही माझ्या."

हे त्यानं छाती काढून सांगितलं.

माझ्यानं राहवेना. "अहो मिस्त्री, तो हात जरा..."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्या बाबतीत ही गोष्ट वर्षातून एखाद्या वेळी घडते.

बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढली.

"रंगनाथ, खाली बस. वाक जरा."

"मी?"

"तूच. गारठा आहे."

तो बसला. बाबांनी घोंगडी त्याच्या डोक्यावरून टाकली, अगदी जमिनीपर्यंत. आत माणूस आहे की धान्याचं पोतं, कळू नये अशी. थोड्या वेळानं त्याचे खांदे खाली आले. श्वास लांब व्हायला लागला. किती दिवसांचा जागा होता कुणास ठाऊक.

बाबांनी घोंगडीची कड वर केली.

"रंगनाथ, बरा आहेस ना?"

"अं? हो, बाबा."

कड खाली सोडली. तो पुन्हा निवला, न निवला, तोच बाबांनी कड उचलली.

"बरा आहेस ना?"

"हो... हो म्हटलं ना."

दारातून डोंगराचा वारा आत येत होता. बाबांनी तिसऱ्यांदा कड उचलली, तीही पार वरपर्यंत.

"रंगनाथ, अरे, जागा आहेस ना? बरा..."

"अहो, राहू द्या ना जरा!"

मठात बाबांवर कुणी ओरडत नाही. मी दचकून उठलेच.

बाबांनी कड खाली सोडली.

मग घोंगडीखालून आवाज आला. तो मिस्त्रीचा आहे हे मला ओळखू आलं नाही.

"हीपण हेच म्हणायची."

बाबा घोंगडीशेजारी खाली बसले.

"तिचा डोळा लागला की मी हलवायचो. कौसा, बरी आहेस ना? कौसा, जागी आहेस ना? नुसतं श्वास चालू आहे का बघायला. ती म्हणायची, अहो, राहू द्या ना जरा. पुढं पुढं बोलवत नव्हतं तिला, तर हात जोडायची... माझ्यापुढं हात जोडायची, बाबा. मी म्हणायचो, तुझ्यासाठीच करतोय."

बाबांनी घोंगडीची कड जमिनीशी नीट सारली.

"त्या दुपारी पाठीच्या कळा थांबल्या होत्या. छान डोळा लागला होता. मी हलवली. तिनं डोळे उघडले. इतकं दमून बघितलं माझ्याकडं... तेच शेवटचं. झोपेत गेली असती हो. सुखानं गेली असती. मी जाऊ दिली नाही."

मग तो रडला. दहाव्याला घाटावर गावानं त्याला कोरडा बघितला होता, लोक नाही नाही ते बोलले होते. इथं घोंगडी गदगदा हलत होती. मीही पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला सांगू.

मी त्याला धरायला पुढं झाले. बाबांनी हात आडवा केला.

ऊन पायरीवरून उतरलं. घोंगडी हळूहळू हलायची थांबली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कमानीखालून चूं नाही की चां नाही. एकसुद्धा आवाज नाही.

मिस्त्रीच्याही ते लक्षात आलं असावं. घोंगडीखालून त्याचा हात बाहेर आला, चाचपडत कमानीपर्यंत गेला आणि पट्ट्यावर थांबला. जाळी उचलली नाही त्यानं. पण हात मागंही घेतला नाही.

"बाबा, आवाज येत नाही!"

"हं."

"झोपली का मेली?" तो ओरडला. "सांगा ना! झोपली का मेली?"

बाबांनी घोंगडीचं टोक ओढून त्याच्या हातावर घातलं.

"रंगनाथ, दोन्ही वेळेला हळू बोलायचं असतं."