ॲश, महोगनी आणि फणस

“...म्हणजे महोगनीचीच न्यावी म्हणता?”

बस्त्याव मास्तर काहीच म्हणाले नव्हते. ते आपल्या फणसाच्या लाकडाच्या बास गिटारच्या तारा फडक्याने पुसत बसले होते.

विचारणारा होता ग्लेन, त्यांचा शिष्य. वसईतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये तो बास गिटार वाजवायचा. मागच्या लग्नानंतर बँडचा प्रमुख इनास त्याला म्हणाला होता, की गाणं एका गावाला जातं आणि तुझी बास दुसऱ्याच. येत्या रविवारी पुन्हा तसंच झालं, तर मी दुसरा वादक बघतो.

ग्लेनने यावर तीन दिवस विचार केला आणि दोष लाकडाचा ठरवला.

त्याच्याकडे दोन गिटारी होत्या. एकीची बॉडी ॲशच्या लाकडाची, दुसरीची महोगनीच्या. ॲशचा आवाज धारदार, महोगनीचा उबदार, हे तो झोपेतही सांगू शकला असता. रविवारी कोणती न्यायची, एवढंच ठरत नव्हतं.

“ऐकून ओळखशील?” मास्तरांनी विचारलं.

“डोळे मिटून.”

“डोळे राहू देत. भिंतीकडे तोंड कर.”

ग्लेन भिंतीकडे वळून बसला. मास्तरांनी वाजवलं. महोगनी, ग्लेन म्हणाला, खालचे स्वर बघा कसे भरून येतायत. मास्तरांनी पुन्हा वाजवलं. ही ॲश, प्रत्येक स्वर सुटा. तिसऱ्यांदा मात्र तो जरा घुटमळला.

“राग मानू नका, मास्तर. ही तुमची फणसाची. आवाज बसलाय तिचा.”

“वळ.”

मास्तरांच्या मांडीवर त्यांची फणसाची गिटार होती. ग्लेनच्या दोन्ही गिटारी दाराशी, आपापल्या पिशव्यांत. चेनसुद्धा उघडलेल्या नव्हत्या.

ग्लेनचे कान लाल झाले. मग तो सावरला. हवा दमट आहे, ॲम्प्लिफायर जुना आहे, जुन्या फणसात महोगनीचा गुण उतरतो, असं बरंच काही त्याने सांगून पाहिलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरं. वाजवलं काय?”

“...म्हणजे?”

“गाणं कोणतं?”

भिंतीकडे एकदा बघून ग्लेन म्हणाला, की वरातीचं असावं.

“दोनदा वरातीचं,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्यांदा मयताचं.”

...

त्या दिवशी ग्लेन जेवायलाही घरी गेला नाही. मास्तर वरातीचं गाणं गुणगुणत राहिले, आणि त्याने गिटारला हात न लावता नुसतं ऐकायचं. दुपार कलल्यावर त्याला एक स्वर वाजवायची परवानगी मिळाली. संध्याकाळी दुसरा.

रविवारी तो हाताला लागली ती गिटार घेऊन लग्नाला गेला. नवरीचे काका बूट काढून नाचले. इनासने पूर्ण वेळ एकदाही मागे वळून पाहिलं नाही. निघताना त्याने पुढच्या लग्नाची तारीख तेवढी सांगितली.

सोमवारी ग्लेन, गिटारच्या वजनाने आखडलेली पाठ चोळत, पेढे घेऊन मास्तरांकडे आला. आनंदात होता, पण एक गोष्ट त्याला राहून राहून टोचत होती.

“मग मास्तर, लाकडाने काहीच फरक पडत नाही?”

मास्तरांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

“पडतो की.”

“कशाला?”

“पाठीला.”