तुळाजीरावांची बंदूक आणि नांगराचा फाळ

तुळाजीराव जहागीरदारांच्या बंदुकीचा बार उडाला आणि माजघरातली लोणच्याची बरणी फुटली! बार उडवणारा कोण, तर त्यांचा शेंबडा नातू. पोर वाचलं, बरणी गेली. जहागीरदारीणबाईंनी, म्हणजे आईसाहेबांनी, पदर खोचून नवऱ्याला सांगितलं, "एकतर ही बंदूक धडपणे कुलपात जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन!"

तशी बंदूक कुलपातच होती बरं का. चांगली शिसवी पेटी होती. पण पेटीची किल्ली कुठं? देवघरात, समईमागच्या खुंटीला! गढीतल्या झाडून साऱ्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या तिथंच लटकायच्या. नातवाला ठाऊक, दळणाऱ्या बायांना ठाऊक, बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीलाही ठाऊक. कुलूप कसलं ते, पेटीच्या नाकातली नथ नुसती!

मग शहरातून लोखंडी तिजोरीचा भाव विचारून आणला. तो ऐकून तुळाजीरावांनी कारभाऱ्याकडं असं पाहिलं, जणू त्यानंच ती तिजोरी महाग केली होती. माणूस म्हणजे अस्सल चिकट! रुप्याची तपकिरीची डबी सदा मुठीत, पण कुणापुढं उघडी धरतील तर शपथ. गावातला फाटका माणूससुद्धा आल्यागेल्यापुढं डबी करतो. यांनी काय करावं? नातवाच्या बारशाला खुद्द व्याह्यांनी बोटं पुढं केली, तर डबी मिटून मूठ पाठीमागं! आंघोळीला बसले तरी डबी पाटाखाली, झोपले तरी मुठीत.

तर अशा या दिलदार माणसानं भिवा लोहाराला बोलावलं. बरोबर त्याची लेक सगुणा आली. भाता ओढता ओढता बोलायला शिकलेली पोरगी. जीभही तशीच तापलेली.

तुळाजीरावांनी नांगराचा एक गंजका फाळ भिवापुढं फेकला.

"यातच बंदुकीची पेटी कर! चोराला उचलता येऊ नये, पोराला उघडता येऊ नये, आणि बिबट्या आला तर मला किल्ली धुंडाळत बसायला लागू नये. पोळ्याच्या आत झाली नाही, तर तुझी भट्टी वेशीबाहेर! मला ती जागा गुरांना हवीच आहे."

भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. "सरकार, एवढ्या लोखंडात पेटीची बिजागरी कशीबशी होईल..."

"मग बिजागरीतच बंदूक मावव!"

कारभारी खो-खो हसला. धनी बोलले की हसायचं, हेच त्याचं मुख्य काम.

सगुणाच्या कपाळाची शीर उडाली. तिच्या आज्यानं मांडलेली भट्टी ती! आणि ती उठवायची कशासाठी? चार म्हशी बांधायला!

"करतो सरकार," ती म्हणाली. "फक्त भिंत कुठली, ते मी सांगणार."

घरी येताच भिवा मटकन खाली बसला. "अगं भवाने, पेटी कुठनं आणू आता?"

"पेटी कशाला हवी, बाबा? एवढी दगडी गढी आहे की त्यांची. भाता धरा!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगुणा गढीवर आली ती फडक्याचं गाठोडं घेऊन. सोप्याच्या दगडी भिंतीत भिवानं चुना भरून सळई ओवायला भोकं असलेले दोन जाड लोखंडी डोळे आधीच बसवले होते. सगुणानं रिकामी बंदूक भिंतीला लावली. चापाभोवतीच्या कड्यातून, चापाच्या अगदी मागून एक जाड सळई घातली, दोन्ही डोळ्यांतून ओवली आणि टोकाला अक्रोडाएवढं कुलूप ठोकलं. खट्ट!

"ही पेटी?" कारभारी खिदळला. "झाकण कुठंय गं?"

"झाकण कशाला? ओढा की."

कारभाऱ्यानं ओढली. पाय भिंतीला लावून ओढली. धोतराचा सोगा सुटला, बंदूक हलली नाही. नातवानं चाप दाबून पाहिला; मागं सळई, दबणार कुठं?

"चोराला न्यायची तर गढी डोक्यावर घ्यावी लागेल," सगुणा म्हणाली. "दारू-छर्रे आईसाहेबांच्या कोठीत. तिथं सरकारसुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आणि हा फाळाचा उरलेला तुकडा. घ्या, नाहीतर झोप लागायची नाही तुम्हाला."

आईसाहेब पदराआड फिसकन हसल्या. तुळाजीराव चिडले.

"फार शहाणी! आणि किल्ली? खुंटीला टांगली तर पोरगं घेईल. कनवटीला लावली तर झोपेत काढील; मागं कनवटीचे पैसे काढलेच होते. बोल, कुणाचाच हात पोचत नाही, पण माझा कायम असतो, अशी जागा आहे या गढीत? नसेल तर उचल तुझी ऐरण!"

भिवानं डोळे मिटले. कारभारी हसायच्या तयारीत तोंड उघडून बसला.

"आहे की," सगुणा म्हणाली. "तुमच्या मुठीतली तपकिरीची डबी!"

"काय?"

"सरकार, तिच्यात आजवर दुसऱ्या कुणाची बोटं गेलीत? बारशाला व्याह्यांची गेली नाहीत, तिथं चोराची काय जातात! एवढी बंदोबस्ताची जागा उभ्या मुलखात नाही. आणि यापुढं कुणी चिमूट मागितलीच तर खुशाल सांगा, आत किल्ली आहे!"

तुळाजीरावांनी मुठीकडं पाहिलं. मग आईसाहेबांकडं पाहिलं. त्या हसून हसून खांबाला टेकल्या होत्या. आणि एकाएकी जहागीरदारांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे गडगडून हसले की दावणीची बैलं कान टवकारून उभी राहिली. कारभारी मात्र, हसावं की नाही हे न कळून, तसाच तोंड उघडून राहिला.

"भिवा, भट्टीची जागा तुझी! कागद करून देतो, तुझ्या पोराबाळांना कुणी उठवायचं नाही!"

आईसाहेबांनी अंगावरची शाल काढून सगुणाच्या खांद्यावर टाकली.

तुळाजीरावांनी डबी उघडली. किल्ली आत टाकणार, तोच थबकले. भिवापुढं डबी करून म्हणाले, "घे लेका! किल्ली आत जायच्या आधीची एक चिमूट."

भिवानं अशी शिंक दिली की वेशीपर्यंत ऐकू गेली.