गळतीचं नाव घ्यायचं नाही

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे भर दुपारी तणतणत आला. गुरूंनी उभी हयात जाहिराती लिहिण्यात घालवली होती. शिष्य आता इंटरनेटच्या शोधयंत्रावर झळकणाऱ्या जाहिराती लिहीत असे. सोबत गळक्या छतांवर लावायचा लेप बनवणारा एक व्यापारी होता.

"लोक आंधळे आहेत, गुरुजी!" शिष्य म्हणाला. "'छत गळतंय, काय करू' असं टाइप करतात. उत्तरांच्या माथ्यावर आमची जाहिरात असते, तरी नजर सरळ खाली घसरते!"

जाहिरात होती : 'आपल्या वास्तूस लाभो प्रसन्नता आणि सौंदर्य.' गळती हा शब्द त्यात औषधालाही नव्हता. "धंद्याच्या तोंडी अशुभ नको," व्यापारी म्हणाला. पावसाळा सरायच्या आत मागणी आली नाही तर कारखाना 'वाढवावा' लागेल, असंही त्याने सांगितलं. बंद करावा लागेल, असं म्हणायलाही त्याची जीभ रेटत नव्हती. काय म्हणावं अशा माणसाला!

मग त्याने प्यायला पाणी मागितलं. गुरू जागचे हलले नाहीत. "आमचा माठ फार देखणा. त्यातल्या पाण्याने चित्त प्रसन्न होतं, कांती उजळते..."

"अहो, घसा कोरडा पडलाय माझा! देखणेपण काय चाटायचंय?" व्यापारी कडाडला.

गुरूंनी त्याला तांब्या भरून दिला. "तुम्हीही लोकांना हेच ऐकवताय. ज्याच्या डोक्यावर पाणी टपकतंय, तो आपल्याच अडचणीचा शब्द शोधत असतो. तो दिसला नाही, की नजर थांबत नाही."

शिष्य उसळला. "मग लिहितो, 'छत कोसळेल, सगळे गाडले जाल!'"

गुरूंनी कपाळावर हात मारला. "अरे, या टोकावरून थेट त्या टोकाला! असं ओरडलास तर माणूस दचकून बघेल खरा. पण भिववणाऱ्याच्या हातचं पाणी कोण पिईल? जे नुकसान खरोखर होणार आहे तेवढंच सांग, आणि लगेच उपाय सांग."

शिष्याने तिथेच मजकूर बदलला : 'छत गळतंय? ओल भिंतीत उतरण्याआधी लेप लावा.' व्यापाऱ्याने डोळे मिटून, देवाचं नाव घेत होकार दिला, आणि शिष्याने नवी जाहिरात लगेच झळकवली.

उन्हं कलली तरी दोघे तिथेच बसून होते. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन वाजला. पलीकडे एक बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन बोलत होत्या.

"आमचा लेप म्हणजे वास्तूची प्रसन्न..." त्याने सवयीने सुरुवात केली, आणि तो थांबला.

"कुठे गळतंय, ताई?" त्याने विचारलं.