मारुतीच्या कोनाड्यातला पंप

एकदा एक वृद्ध वस्ताद आपली तालीम पट्टशिष्याच्या स्वाधीन करण्याच्या विचारात होते. शिष्याचे नाव भैरू. कमावलेले शरीर आणि शिकवण्याची हातोटी अशी, की पन्नाशी उलटलेली माणसेही त्याच्याकडे व्यायाम शिकायला यायची. आता तुम्ही म्हणाल, मग अडले कुठे? अडले असे, की भैरूला लहानपणापासून दमा होता आणि ते त्याने तालमीत कोणालाही कळू दिले नव्हते. छाती भरून आली की पाणी प्यायचे निमित्त करून तो भिंतीआड जाई, कपड्यांत दडवलेला दम्याचा पंप ओढी आणि हसत परत येई. कळले तर आपल्याला वस्ताद कोण म्हणेल, ही एकच धास्ती त्याला खात असे.

एका सकाळी तो असाच भिंतीआड गेला असताना इकडे एका भुसार व्यापाऱ्याला बैठका मारता मारता घेरी आली. नशीब, वस्ताद जवळच होते. त्यांनी त्याला धरून कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसवले आणि ते तडक भिंतीआड गेले; भैरू तिथे कशाला जातो, हे त्यांनी केव्हाच ओळखले होते. भैरूचा पंप ओढून झाला तसा तो त्यांनी त्याच्या हातातून घेतला, सर्वांदेखत आत आणला आणि मारुतीच्या कोनाड्यात, शेंदराच्या वाटीशेजारी ठेवून दिला. त्या कोनाड्याला हात जोडल्याशिवाय तालमीत कोणी मातीत पाय ठेवत नसे. वस्तादांना हे काय सुचले, कोणालाच उमगेना.

भैरूला वाटले, संपले सगळे. व्यापाऱ्याने पंप कोणाचा म्हणून विचारले, तेव्हा भैरूला खरे सांगावे लागले. व्यापारीच तो, माल पारखल्याशिवाय घेतो कशाला! ज्याला स्वतःची छाती सांभाळता येत नाही त्याच्या भरवशावर आपले शरीर कसे सोपवायचे, असे त्याने तोंडावर विचारले.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "रास्त विचारलंत, शेठजी. आता मला सांगा, पहिल्या दिवशी तुम्ही तरण्या पोरांच्या बरोबरीनं बैठका मारायला निघालात, तेव्हा तुम्हाला कोणी आवरलं?"

व्यापारी थोडा घुटमळला. "यानंच. माझा श्वास ऐकला आणि म्हणाला, आज एवढं पुरे."

"आणि आता?"

"आता घराचा जिना न थांबता चढतो."

वस्ताद भैरूकडे वळले. "तुझा स्वतःचा दम अडलाय, म्हणून तुला दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो. असलं दुखणं घेऊन तू हे शरीर घडवलंस, लेका! मला त्याचा अभिमान वाटतो, म्हणून पंप मारुतीपुढं ठेवला. दमा असण्यात तुझी काही चूक नाही. चूक झाली ती आज. दुखणं लपवायला गेलास आणि शेठजींवरची तुझी नजर हलली. शिकवणाऱ्याच्या शरीरात काय आहे ते शिकणाऱ्यांना ठाऊक असावं, आणि त्यांच्या शरीरात काय आहे ते त्याला."

भैरूचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने पंप कोनाड्यात ठेवला आणि ताठ मानेने सर्वांना सांगितले, "मला दमा आहे. छाती भरली तर मी इथंच, तुमच्यासमोर थांबेन. तुम्हीही थांबायला लाजू नका."

रांगेत सर्वांत मागे व्यापारी उभा होता. तो पुढे आला. त्याने बंडीच्या खिशातून साखरेच्या आजाराच्या गोळ्या काढल्या आणि पंपाशेजारी ठेवल्या. त्यानेही हे कोणाला सांगितले नव्हते.

"शेठजी, काल काही खाऊन आला होतात?" भैरूने विचारले.

"नाही. आजही नाही."

"मग आज बैठका नाहीत. आधी घरी जाऊन न्याहारी करा, डॉक्टरांना विचारा, मग या." व्यापारी निमूटपणे निघाला. कालची घेरी कशाने आली ते त्याला आता कळले होते, आणि आपण कोणाच्या हाती आहोत हेही.

दारात बसलेल्या वस्तादांनी कमरेची तालमीची किल्ली सोडली आणि भैरूच्या हातात ठेवली.