पाठ करून बसणारी

"आणि उंबऱ्यावर कोण?" ठकूआजीने विचारले.

शाल्मलीने वहीतून मान वर केली. "उंबऱ्यावर कोणीच नाही, आजी. सगळ्या आत. माझ्याभोवती."

"समद्या?"

"पाचही जणी. आणि सहाव्या तुम्ही."

म्हातारी सुपातला वाल निवडत राहिली.

ठकूआजी त्या खोऱ्यातली सुईण. अर्धे खोरे तिच्या हातावर जन्मले होते. वाडीपासून डांबरी सडक दीड तास खाली. अडलेल्या बाईला डोलीत घालून चार माणसांनी खांद्यावरून उतरवायचे, दुसरी सोय नाही. बावीस वर्षांपूर्वी आजीने एकाएकी हे काम सोडले. का सोडले ते तिला कोणी विचारत नसे.

शाल्मली पुण्याची. नवऱ्याबरोबर येऊन वाडीच्या कडेला मातीचे घर बांधून राहिली होती. तिला सातवा महिना होता. पुण्याहून तिच्या पाच मैत्रिणी त्या दिवशी डोंगर चढून आल्या होत्या आणि आजीच्या पडवीत धापा टाकत बसल्या होत्या.

"पुढं वाच," आजी म्हणाली.

"केतकी माझ्या पाठीला टेकू देऊन बसेल. नूपुर ओव्या म्हणेल, तिने मुद्दाम शिकून घेतल्यात. संज्योत कंबर चोळेल. बाकीच्या दोघी हात धरतील. घड्याळ नाही, फोन नाही, पुरुष नाहीत. घाई नाही. बाळ त्याच्या वेळेला येईल."

आजीची सून सगुणा दारात उभी राहून ऐकत होती. "समद्या भवतीनं बसल्या तर चुलीपाशी कोन? पानी कोन तापवनार, बापय?"

मैत्रिणी हसल्या. शाल्मलीही हसली, पण वहीत तिने लगेच काहीतरी लिहून घेतले.

"लिवलंस?" आजी म्हणाली. "आता उंबऱ्यावरची लिव."

"पण उंबऱ्यावर कशासाठी?"

"माझ्या येळंला एक बाई तिथं बसायची. पायात चपला घालून. तोंड भाईर, पाठ आत."

"काय करायची ती?"

"काय न्हाई. वाटंकडं बघायची. मी तिला आधी खूण सांगून ठेवायची. दिस असला तर सावली कुठवर, रात असली तर चांदनी कुठवर. तवर बाळ आलं न्हाई, का मी आतनं नुसतं 'ऊठ' म्हनलं, तर उठायचं आन् खाली पळायचं. डोलीला मानसं, सडकंला गाडी. आत इचारायला यायचं न्हाई."

"न विचारता?"

"इचारायला आत आली की ग्येली. जी अडलीया ती पदर धरती. आता हुतंय म्हनती. आमीबी तेच म्हनतो, आता हुतंय, आता हुतंय. आत बसलेल्या बायांना रगत दिसत न्हाई, पोरी. त्यांना बाई दिसती."

शाल्मलीने वही मिटली.

"आजी, आम्ही एक ठरवलंय. त्या खोलीत भीतीला जागा द्यायची नाही."

"म्हनून तर तिला भाईर बसवायची."

यावर केतकीला हसू आले. शाल्मलीला आले नाही.

"तुम्ही मला घाबरवताय," ती म्हणाली. "सगळे तेच करतात. मी तुमच्याकडे आले, कारण तुम्ही त्यांच्यातल्या नाही असं वाटलं. मी सगळं वाचलंय, आजी. श्वास कसा घ्यायचा, कसं बसायचं... माझ्या शरीराला सगळं माहीत आहे."

"मागच्या डावाला काय झालं?"

नूपुरने शाल्मलीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. पहिलटकरनीचं पोट असं नस्तं."

शाल्मलीने अंगणाकडे तोंड फिरवले.

"अकरा तास," ती म्हणाली. "मोठा दवाखाना होता. पडदा ओढलेला. आईलासुद्धा आत येऊ दिलं नाही. मी हात मागितला... कुणाचाही. कुणीही चाललं असतं. तिथली बाई म्हणाली, खाटेचा गज धर."

आजीचे वाल निवडणे थांबले होते.

"मुलगी होती. रडली नाही. या वेळी मला गज धरायचा नाही, आजी. एवढंच."

"न्हाई," आजी म्हणाली. "गज धरू नये."

मग तिने सूप बाजूला ठेवले.

"मी बाळतपनाला याची न्हाई. माझं काम सुटलं. पर उंबऱ्यावरची कशी बसती ते दावते. उठा. घोंगडी टाक गं सगुणे."

घोंगडी टाकली. शाल्मली तिच्यावर बसली. चौघी भोवती बसल्या, वहीत लिहिले होते तशा. केतकीला आजीने उंबऱ्यावर बसवले, बूट घालून, तोंड वाटेकडे.

"वळायचं न्हाई," आजी तिला म्हणाली. "काय बी झालं तरी. ती अंगणातली लाकडाची मेढ दिसती? घराची सावली तिच्या बुडाला लागली की उठून पळायचं. त्या आंब्यापत्तुर. बास."

सावली मेढीपासून वीतभर लांब होती.

"आता तू वरड," ती शाल्मलीला म्हणाली.

शाल्मली लाजली. एकदा बारीकसे कण्हली. मैत्रिणी खुदखुदल्या. केतकी पाठमोरी हसत होती, तिचे खांदे हलत होते.

"ह्ये काय मांजर व्याली? मागल्या डावाला वरडलीस तशी वरड."

शाल्मलीने डोळे मिटले. आधी तिचा श्वासच तेवढा ऐकू आला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिने ठरवून काढलेला नव्हता. सगुणाने तोंडाला पदर लावला. नूपुर ओवी म्हणायला लागली आणि पहिल्याच ओळीला अडली.

"केतकी," शाल्मली ओरडली. "केतकी, ये ना गं..."

केतकी उठली, धावत आत आली आणि तिला मिठी मारून रडायला लागली.

"मेली," आजी म्हणाली.

केतकीने दचकून वर पाहिले. "काय?"

"सावली मेढीला लागली तवा तू आत हुतीस. सडकंवर कुनी ग्येलं न्हाई. दुसरी बसवा."

दुसरी संज्योत. ती खरेच कणखर होती. सावली आता मेढ ओलांडून पुढच्या दगडाकडे सरकत होती. आजीने तिला दगडाची खूण दिली. शाल्मलीने हाका मारल्या, नाव घेऊन मारल्या. संज्योतने कानांवर हात दाबून धरले, पण मान वळवली नाही.

मग शाल्मलीचा आवाज बसला. ती गप्प झाली.

संज्योत वळली.

"का वळलीस?"

"ती एकदम गप्प झाली म्हणून... काय झालं ते बघायला."

"ती गप्प झाली की काय झालं ते तुला कळलंच. तवाच पळायचं अस्तंय."

तिसरी नूपुर. ती उंबऱ्यावर बसली आणि शाल्मलीने तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "मला नाही जमणार. मला इथे नका बसवू." राहिलेल्या दोघींकडे आजीने नुसते पाहिले. त्यांनी माना खाली घातल्या.

शाल्मली घोंगडीवरून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"हे नाटक आहे, आजी! माझ्या मैत्रिणींना तुम्ही लाज आणताय. त्या माझ्यावर जीव टाकतात म्हणून वळल्या. यात त्यांचं काय चुकलं?"

"काय न्हाई चुकलं."

"खऱ्या वेळेला त्या वागतील नीट."

"खऱ्या येळंला तू आनखी ग्वाड हाक मारशील."

शाल्मली आजीसमोर येऊन उभी राहिली. "सगळं खोरं सांगतं, तुमच्या हातून एकही बाई गेली नाही. एकही! मग तुमच्या मनात हे एवढं मरण आलं कुठून?"

आत पाणी भरत असलेल्या सगुणाचा तांब्या थांबला.

"खोरं मला राखून बोलतं," आजी म्हणाली.

खालच्या ओढ्याचा आवाज येत होता.

"भिवरा माझी थोरली. पैल्या खेपंला माह्यारी आली. लेकीला आयनं मोकळं करू नये, हात कापतो. म्हनून आत खालच्या वाडीची सुईन घेतली. भाऊबंदाच्या बाया घेतल्या, चांगल्या, मायेच्या. कुनी पाठ चोळली, कुनी गानी म्हनली. तुझ्या वहीत हाय ना, समदं तसंच."

"आणि उंबऱ्यावर?"

"मी."

केतकीने उंबऱ्याकडे पाहिले.

"आख्ख्या खोऱ्यात माझ्यावानी बसनारी बाई नव्हती. मीच समद्यांना शिकवलेलं. पायात चपला. तोंड भाईर. सावली खुणंवर आली. मी उठले."

"मग?"

"तिनं हाक मारली. मोठ्यानं न्हाई. 'आये,' म्हनली, 'एकडाव हात दे.' एकडाव, म्हनली."

"तुम्ही काय केलंत?" शाल्मलीने विचारले. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळले नाही.

"दिला."

सगुणा दारात येऊन उभी राहिली होती. "दोघं बी ग्येली," ती हळूच म्हणाली. "वन्सं आन् बाळ. हात सोडवायला येळ लागला." आणि ती आत निघून गेली.

उन्हे उतरायला लागली होती. मैत्रिणींना अंधाराच्या आत खाली पोचायचे होते, पण एकीनेही पिशवीला हात लावला नाही. केतकी अजून बूट घालूनच बसली होती, घोंगडीच्या कडेला.

शाल्मलीने वही उघडली. मधोमध तिने एक गोल काढला होता आणि गोलावर सहा नावे लिहिली होती. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"मग मी दवाखान्यात जाऊ?" ती म्हणाली. "तिथे तर सगळ्यांनी पाठच केली होती, आजी. पण माझ्यासाठी पळालं कोणी नाही. इथे सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. आणि इथेही कोणी पळणार नाही. नवऱ्याला बसवू?"

"त्यो लगनाच्या मांडवात तुझ्याकडं बघाय शिकला. त्याला पाठ कराय कुठली यायची?"

शाल्मलीने दोन्ही हात पोटावर ठेवले. आत काहीतरी हलले असावे, कारण तिचे बोट नकळत तिकडे सरकले.

"माझ्यावर माया करणारी... आणि मी हाक मारली तरी न वळणारी," ती सावकाश म्हणाली. तिने पाचही जणींकडे एकेक करून पाहिले. एकीनेही तिची नजर चुकवली नाही. सगळ्यांचे डोळे भरले होते. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"अशी माझ्याकडे कोणी नाही, आजी."

म्हातारीने सूप पुन्हा मांडीवर ओढले.

"भिवराकडंबी न्हवती."