गजराबाईंनी राखलेली टाकी

एका गावात एक भोळी सासू होती. ती भोळी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, तिला एकटीला सोडून. नाव गजराबाई. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. वाण्याच्या पुड्या सोडता सोडता त्या कागदांवरच ती अक्षरं ओळखायला शिकली. त्यामुळे शब्दावर तिचा फार जीव. कुणी काही सांगितलं की शब्द न् शब्द पाळायची. एक कमी नाही, एक जास्त नाही. मध्ये डोकं घालायची नाही.

तिची सून सुचेता, शाळेत मास्तरीण. तिनं घरात काचेची टाकी ठेवली होती. टाकीत सात कोळंब्या, नखाएवढ्या, लालभडक. आणि पाच गोगलगायी. एका कोळंबीच्या पोटाला अंडी लागली होती. सुचेता रोज शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी तिला बघायची.

सुचेताला आठ दिवस प्रशिक्षणाला जिल्ह्याला जायचं होतं.

"आत्याबाई, शेजारच्या कमलला सांगते टाकी बघायला."

गजराबाईच्या नाकाला मिरची झोंबली. "चार पोरं वाढवली, अकरा म्हशींची वेतं या हातांनी काढली, आणि ह्या नखाएवढ्या जिवांना कमल? एक जरी मेला ना, जन्मभर सकाळचा चहा मी तुला करून देईन. अंथरुणात!"

"अंथरुणात?"

"अंथरुणात!"

सुचेता हसली. "बरं. पाणी कमी झालं की भर घाला. नळाचं नको, त्यात औषध असतं. आपण पितो तेच घाला."

आपण पितो तेच. गजराबाई रोज रात्री तांब्याच्या गडूत पाणी भरून ठेवायची आणि पहाटे प्यायची. ते पाणी ती नवऱ्यालाही देत नसे. आता निम्मं स्वतः प्यायली, निम्मं टाकीत ओतलं. असं रोज.

दुसऱ्या दिवशी तळाशी एक कोळंबी पडलेली. गजराबाईनं फोन लावला.

"सुचेता, गेली गं!"

"पोकळ आहे का?"

"काचेसारखी."

"मग ती कात आहे, आत्याबाई. कोळंबी कात टाकते. असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका. राहू दे तिथंच."

तिसऱ्या दिवशी एक गोगलगाय उताणी पडली. गजराबाई गालात हसली. कात टाकली. चौथ्या दिवशी आणखी तीन उताण्या, त्यांच्या शेजारी दोन कोळंब्या. गजराबाई म्हणाली, "सगळ्यांनी मिळून नवे कपडे घातलेत."

घरात वास सुटला. तिचे यजमान नाना म्हणाले, "काहीतरी मेलंय."

"मेलं नाही. कात आहे. फोनवर सांगितलंय."

नानांनी गुपचूप सुनेला फोन लावून गजराबाईच्या हातात दिला. सुचेता ओरडलीच. "अहो, गोगलगाय कुठं कात टाकते? नाकानं बघा! वास आला तर मेलं समजा आणि लगेच घराबाहेर काढा."

गजराबाईनं एकेकीचा वास घेतला. सहाही बाहेर काढल्या. परत येताना ओसरीवर नाना दिसले. म्हशी धुऊन येऊन तसेच आडवे झाले होते. गजराबाईनं वाकून वास घेतला. शंकेला जागाच नव्हती. तिनं खाट ओढायला सुरुवात केली.

"अगं, मी जिवंत आहे!"

"वास काय म्हणतो ते बघायचंय. तुम्हाला विचारलं नाही."

नाना त्या दिवशी गोठ्यात जेवले.

सहाव्या दिवशी टाकीत दोनच जीव उरले: एक गोगलगाय, आणि ती अंडीवाली. तीही कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. गजराबाईनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. चहाचं तिला काही नव्हतं. पण सून दारातून आत येईल, चप्पल न काढता टाकीपाशी जाईल, ते तोंड तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तिनं फोन लावून स्वतःच विचारलं, माझं काय चुकतंय. असं तिच्या हयातीत पहिल्यांदाच घडलं.

"टाकीत नवीन काय घातलंत?"

"काही नाही."

"साबणाचे हात?"

"मी काय खुळी आहे?"

"डासांचं औषध मारलंत का खोलीत?"

"नाही गं."

"मग पाणी कुठलं घालता?"

"आपण पितो तेच! माझ्या गडूतलं."

"तांब्याच्या गडूतलं?"

"मग काय पत्र्याच्या?"

"आत्याबाई! माणसाला चालतं, पण कोळंबीला नि गोगलगायीला तांबं म्हणजे विष! त्या गडूत पाणी ठेवू नका. टाकीतलं अर्धं पाणी काढा, माठातलं घाला. आणि अंडीवालीला लपायला काहीतरी आडवं ठेवा. तोंड बारीक, पोट मोठं असं."

गजराबाईनं बोटांवर मोजून पाठ केलं. अर्धं पाणी काढलं. माठातलं घातलं. गडू रिकामा करून पालथा घातला. संध्याकाळी अंडीवाली मिशा हलवत चालायला लागली. गोगलगायीनं शिंगं बाहेर काढली. गजराबाईचे डोळे भरून आले. नानांची खाट ओसरीवर परत आली.

रविवारी सुचेता आली. चप्पल न काढता टाकीपाशी गेली. गोगलगाय पाणी सोडून काचेच्या पार वरच्या काठावर चढून बसली होती. साऱ्या घरात तेवढी एकच शहाणी.

"अंडीवाली कुठाय?"

"हळू बोल," गजराबाई म्हणाली. "बाळंतपणाची खोली दिलीय तिला. काल आत गेली ती अजून बाहेर नाही."

टाकीच्या मधोमध, आडवा, चिंच-मिठानं घासलेला, लखलखीत गडू.

सुचेतानं हात घालून तो कलता केला. आतून अंडीवाली घरंगळली. ती पोकळ नव्हती.

"आत्याबाई, गडूचं मी काय सांगितलं होतं?"

गजराबाईनं पदर खोचला. "गडूत पाणी ठेवू नका. ठेवलं नाही. पाण्यात गडू ठेवला."

सुचेता मटकन खाली बसली.

"तिथं नको बसूस," गजराबाई चुलीकडे वळत म्हणाली. आवाज तेवढा जरा बसला होता. "अंथरुणात जाऊन बस. चहा तिथंच द्यायचा ठरलाय."