गलबताची मूठ

"मग सांगा ना बाबा, आमचं चुकलं कुठं?"

दिवाण अंताजीपंत दर्ग्याच्या पायरीशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. दरबारात उभं राहून बोलायची सवय, ती इथंही सुटत नव्हती. हातात रुमालानं झाकलेलं ताट होतं.

लतीफशा फकीर अंगण झाडत होते.

"दोन बादशहा समुद्रापलीकडं भांडतायत. आमचं संस्थान ते केवढं! आम्ही दोघांनाही कळवलं, लढाईत आम्ही नाही, बंदर मात्र सगळ्यांना उघडं. शब्द पाळला. आणि आज आमचीच गलबतं लढाईला निघालीत. हे होतं कसं?"

"माल न्यायला दोघंही येत होते?"

"तसं... उत्तरेकडचाच येत होता. दक्षिणेकडच्याची वाट त्यानं समुद्रातच अडवली होती. त्याला आम्ही काय करणार?"

"खरं आहे," म्हणून फकीर पुन्हा झाडू लागले.

दिवाणजींना हे 'खरं आहे' मुळीच आवडलं नाही.

"आमचं वऱ्हाड बुडवलं त्या दक्षिणेकडच्यानं! नवरदेव, करवल्या, म्हातारीकोतारी, सगळी भरल्या गलबतासकट गेली. कुठला देश गप्प बसेल?"

"गलबतात काय भरलं होतं?"

"तांदूळ."

"तांदळाखाली?"

...

खाली धक्क्यावर शिडं चढत होती. ढोल वाजत होता, बायका पोरांना ओवाळत होत्या.

"बारूद," दिवाणजी म्हणाले. "उत्तरेच्या बादशहासाठी."

"वऱ्हाडाला ठाऊक होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"दक्षिणेकडून इशारा आला होता. बारूद नेणारं गलबत दिसलं की बुडवू, त्यावर माणसं चढवू नका म्हणून. दवंडी पिटायला माणूस निघालाही होता. मी... मीच त्याला परत बोलावलं. लोक घाबरले असते. बंदर ओस पडलं असतं."

एवढं बोलून ते खाली बसले. पायरीवर नाही, मातीत.

"मग वऱ्हाड बुडाल्यावर, सूड घ्या म्हणून चावडीपुढं भाषणही मीच केलं. लोक रडले. मीही रडलो बाबा, ते रडणं खोटं नव्हतं. ते ऐकून माझा पोरगा विसाजी उठला, पहिल्या गलबतावर जातो म्हणाला. आता तिथं उभा आहे तो, तलवार लावून. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

अशा वेळी फकिरानं खांद्यावर हात ठेवावा, असं आपल्याला वाटतं. लतीफशांनी ठेवला नाही.

"ताटात काय आहे?"

"मूठ."

या बंदराची रीत अशी, की गलबत जो माल घेऊन निघेल त्यातली मूठभर आधी दर्ग्यावर आणायची. फकिरानं चिमूटभर तोंडात टाकली की नांगर उचलायचा. मीठ असो, सुपारी असो. गेलं वर्षभर मूठ यायची ती तांदळाची. आणि फकिरानं मूठ परत केली, तर नाखवा मग कुणाच्या बापाचं ऐकत नसे. राजाचंही नाही.

दिवाणजींनी रुमाल बाजूला केला. ताटात काळी भुकटी होती.

"विसाजीनंच भरून दिली. हसत होता."

"बरं."

"परत करा, बाबा." दिवाणजींनी ताट पुढं सरकवलं. "पाया पडतो. तुम्ही परत केलीत तर एकही गलबत हलणार नाही. पोरगा वाचेल. सगळ्यांचीच पोरं वाचतील. आणि मला..."

"आणि तुम्हाला?"

"...मला कुणाला काही सांगावं लागणार नाही."

फकिरांनी झाडू भिंतीला टेकवला.

"चला धक्क्यावर. जे मला सांगितलंत ते विसाजीला सांगा, सगळ्यांदेखत. मी तिथंच मूठ परत करतो."

...

दिवाणजींनी धक्क्याकडं पाहिलं. मुलगा तिथून हात हलवत होता. त्यांनीही हात वर केला. उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकला आणि तसेच राहिले.

फकीर थांबले. बराच वेळ थांबले.

दिवाणजी उठले नाहीत.

मग लतीफशांनी ताटातली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली.

खाली कुणीतरी ते पाहिलं. शंख वाजला. साखळ्या खडखडल्या, नांगर वर आले.

"बाबा!" दिवाणजी ओरडले. "बारूद होती ती! का खाल्लीत?"

फकीर सावकाश चावत होते. ओठ काळे झाले होते. त्यांनाही वर बघवत नव्हतं.

"वर्षभर हेच खातोय, दिवाणजी. आज फक्त वर तांदूळ नाहीत."